रिक्तहस्त पट्टा

अकोला,
१० जुलै २००६

प्रिय नसीम,

सलाम. गुडघा कसा आहे? तेल लावत जा, मी सांगून सांगून थकली.

एक पार्सल वेगळं टाकलं आहे, सांभाळून उघडशील. आमच्या खुशालचं पुस्तक निघालं! सात वर्षं पुण्यात बसून त्यानं अख्ख्या देशाचे सांस्कृतिक प्रदेश पाडले, मोजून एक्क्याण्णव. राज्यांच्या सीमा बाजूला ठेवल्या आणि माणसं खातात काय, नेसतात काय, लग्नात गातात काय, त्यावरून रेघा ओढल्या. मागं मोठा नकाशा घडी घालून लावला आहे. आमच्या पलंगावर पसरला तर काश्मीर खाली लोंबलं. आपलं वऱ्हाड त्याच्यात अडतिसावं.

उस्मानभाईच्या अकरा वह्या मीच तुझ्याकडून मागून त्याले दिल्या होत्या, आठवते ना? भाई तेव्हा अंथरुणावर होते, तरी हो म्हणाले. आज ते असते तर किती खूश झाले असते. ८ ऑक्टोबरले अमरावतीतच खुशालचा सत्कार आहे. तू यायचंच, मी तुले पुढच्या रांगेत बसवीन. पुस्तक मी अजून पुरतं वाचलं नाही, डोळ्याचा त्रास आहे.

तुझी,
सुभद्रा

*

राजापेठ, अमरावती,
२४ जुलै २००६

सुभद्रा,

पार्सल भेटलं. तीन दिवस भिंग घेऊन बसली अन् पानन् पान पायलं. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत आपून एकाच पाटीवर लिवायले शिकलो, म्हून वाचता तं येतेच मले. ह्यायचं नाव कुठंच नाई. आभारात नाई, मागच्या यादीत नाई. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, "एका फेरीवाल्या बांगडीविक्रेत्याच्या टिपणांचा किरकोळ उपयोग झाला." किरकोळ!

चौतीस वर्षं माणसानं खांद्यावर पेटी घेऊन यस्टीनं फेरी केली. बांगड्या भरताना बाईचा हात मण्याराच्या हातात असते, अन् बाई त्या टायमाले सारं बोलते. सासरी काय शिजते, माहेरी काय, कोणत्या गावात सोयरीक करतात अन् कोणत्या गावचं पाणीबी पेत नाई. हे फाट्यावर बसची वाट पाहत वहीत लिवत. धारणीकडे कोरकू बाया काच घेत नाई, गिलटाचे कडे मागतात. नांदगावकडे हिरवी जाड चालते, अकोल्याकडे बारीक रेशमी. कोणत्या गावापासून डाव्या हातात एक जास्त भरतात, ते ह्यायले पाठ होतं. म्हणत, मुलूख मनगटावर बदलते, तहसिलीच्या पाटीवर नाई बदलत. तुह्या भावानं हेच वाक्य पयल्या पानावर छापलं, स्वतःचं म्हून.

अन् पान दोनशे दहा पाय. "येथील मुस्लिम समाज व्यापारानिमित्त बाहेरून आला." कुठून आला म्हणा? आमच्या सात पिढ्या ह्याच काळ्या मातीत गाडल्या. ज्याच्या वह्यावरून मुलूख मोजला त्यालेच मुलखाच्या बाहेर काढून ठेवलं, बापा!

मले दोन गोष्टी पाहिजे. अकरा वह्या परत, अन् पुस्तकात ह्यायचं नाव. नाई भेटलं तं त्याची फजिती मी माह्या डोयानं पाहीन. तुहा भाऊ असो का कोणाचा.

आणखी एक. तुले डोळ्याचा त्रास आहे म्हणते, अन् पत्र तं बिनचूक लिवलं.

नसीमबानो

*

अकोला,
५ ऑगस्ट २००६

नसीम,

चिडू नको वं. खोटं बोलली मी, माफ कर. नाव नाही हे मले दिसलं होतं. मी खुशालले फोन केला. तो म्हणते, पुढच्या छपाईत पाहू, आणि वह्या आता संस्थेच्या झाल्या. मी जास्त ताणू शकत नाही. हे हार्ट फेलनं गेले तेव्हा खुशालनंच सारं निस्तरलं. खिरगावचं घर आवरलं, मले इथं अकोल्याले पोराजवळ, कुलदीपजवळ आणलं, कुलदीपचं लग्न जमवलं. माह्यावर त्याचे उपकार आहेत.

आणि उस्मानभाईच्या वह्यांचं चीज झालं, हे तरी मान. त्यातून खुशालनं असा प्रदेश शोधला, जो आजवर कोणालेच दिसला नव्हता. सत्कार त्याच्यासाठीच आहे. पान दोनशे चौदा. तुझ्यासाठी उतरवते: "वऱ्हाडाच्या पोटात सुमारे साठ गावांचा एक स्वतंत्र पट्टा आढळतो. येथील विवाहित स्त्रिया बांगड्या वापरत नाहीत. टिपणांत या गावांपुढे एकूण त्रेसष्ट रिकामी वर्तुळे काढलेली आहेत. ही एखाद्या प्राचीन श्रमसंस्कृतीची खूण असावी. या पट्ट्यास आम्ही रिक्तहस्त पट्टा असे नाव देत आहोत."

नकाशावर त्याले वेगळा जांभळा रंग दिला आहे. छान दिसते.

तुझी,
सुभद्रा

*

राजापेठ, अमरावती,
१४ ऑगस्ट २००६

प्रिय सुभद्रा,

तुहं पत्र भेटलं. पान दोनशे चौदा दोनदा वाचलं. आता माहा राग गेला. भावाले माह्याकडून मुबारकबाद सांग.

सत्काराले मी नक्की येईन. माह्यासंगं आणखी आठ जणी येतील, जागा धरून ठेव. शेवया केल्या आहेत, येणाऱ्यासंगं पाठवते.

तुही,
नसीम

*

अकोला,
३० ऑगस्ट २००६

नसीम,

शेवया पोचल्या. आणि तुझं गोड पत्र वाचून मले धडकी भरली.

चौथीत त्या उत्तमरावच्या पोरीनं तुझी लेखणी चोरली होती. तू चार दिवस तिले बोरं खाऊ घातली, गोड गोड बोलली, आणि पाचव्या दिवशी अख्ख्या वर्गासमोर गुरुजींले तिचं दप्तर उलटं करायले लावलं. पोरगी महिनाभर शाळेत आली नाही. मी तुले पन्नास वर्षांपासून ओळखते. तू रागावते तेव्हा काळजी नसते, तू शेवया पाठवते तेव्हा असते.

कुलदीप म्हणे, त्यानं तुले नांदगावच्या स्टँडवर पाहिलं. त्या गुडघ्यानं तू कुठं फिरून राहिली? आणि ह्या आठ जणी कोण? खरं सांग, तुले माह्या कुंकवाची शपथ घातली असती, पण ते राहिलं नाही. आपल्या पाटीची शपथ.

सुभद्रा

*

राजापेठ, अमरावती,
१२ सप्टेंबर २००६

सुभद्रा,

पाटीची शपथ घातली, मंग ऐक.

ज्या गावात कास्तकारानं जीव दिला, त्या गावात चाळीस दिवस पेटी उघडायची नाई, हा ह्यायचा नेम होता. कोणी सांगतला नव्हता, स्वतःच लावून घेतला. म्हणत, एकीचे हात मोकळे झाले अन् तिच्या शेजारणीच्या ओसरीवर मी बांगड्या वाजवत बसू? मेलेल्याचं नाव मालाच्या वहीत लिवू नये म्हून गावापुढं निस्ता रिकामा गोल काढत. आधी वर्षातून एक गोल निघे. मंग महिन्यातून. शेवटी शेवटी गुरुवारची पूर्ण फेरी रिकाम्या गोलाची, अन् एका गावाचे चाळीस दिवस सरत नाई तं पुढच्या गावात दुसरा. सकाळी भरलेली पेटी घेऊन जात अन् संध्याकाळी तशीच भरलेली घेऊन येत. मी भाकर वाढे, अन् तेबी अर्धी ठेवत.

तुह्या भावानं ते गोल मोजले, त्याले जांभळा रंग लावला, अन् म्हणे इथल्या बाया बांगड्या घालतच नाई! श्रमसंस्कृती म्हणे! अरे, एकदा यस्टीनं येऊन एका बाईले तं विचारायचं. पुण्याहून अमरावतीले गाडी येते ना?

मी हसली सुभद्रा. एकटी बसून इतकी हसली का शेजारीण पाहायले आली. मंग मले रडू आलं, अन् मंग ठरवलं. मी गावोगाव फिरून राहिली. प्रत्येक गोलाचं नाव शोधून यादी करून राहिली. पंचावन्न नावं झाली. चतुराबाई येते, तिच्या दोन सुना येतात, तिघींचेबी हात मोकळे. माणिकबाई येते. नऊ जणी पयल्या रांगेत बसू अन् त्यानं रिक्तहस्त पट्टा म्हटलं का उभ्या राहून हात वर करू. बस. एक शब्द बोलायचा नाई. त्याची शाल त्याच्या अंगावरच जड झाली पाहिजे. त्यानं माह्या माणसाचं नाव खाल्लं, मी त्याचं नाव चारचौघात खाईन.

सांगायचं असेल तं सांग तुह्या भावाले. मंग आपलं संपलं.

पयला गोल कोणत्या गावाचा आहे, तुले ठाऊक आहे. जून २००१. तेव्हा फेरीहून येऊन हे दोन दिवस जेवले नाई. म्हणे, त्या घरी सुभद्राबाईच्या हातचा चहा पेल्याशिवाय मी कधी पुढच्या गावाले गेलो नाई. तू सगळ्यायले हार्ट फेल सांगतलं, मी आजवर कोणापाशी तोंड उघडलं नाई, अन् यादीतबी लिवलं नाई. पण आपसात तरी ते लिवत नको जाऊ.

नसीम

*

(पोस्टकार्ड)

अकोला, २५ सप्टें.

नसीम, मी त्याले काही सांगितलं नाही. पण तू येऊ नको. हात जोडते. त्यानं काल फोनवर विचारलं, तुझी मण्यारीण काही गडबड तर नाही करणार? नाव छाप म्हणून मी त्याच्यामागं लागली तेव्हापासून त्याले वास आला आहे. म्हणाला, ताई, जिजाजींचं मी झाकलं म्हणून कुलदीपले पोरगी भेटली, एवढं लक्षात ठेव. सुनेच्या, प्रणालीच्या माहेरी अजून हार्ट फेलच माहीत आहे. माह्या घराचा विचार कर. सु.

*

राजापेठ, अमरावती,
१० ऑक्टोबर २००६

सुभद्राबाई,

रोजा धरून आठ बायांसंगं चार तास गेटावर उभी होती. पासशिवाय आत सोडत नव्हते. मी सांगतलं, सत्कारमूर्तीच्या बहिणीनं जागा धरल्या आहेत. माणूस आत गेला, तुले विचारून आला अन् म्हणे, "त्या ओळखत नाही म्हणतात."

ओळखत नाई!

माणिकबाई चाळीस किलोमीटरवरून आली होती. उन्हात भोंग्यावर तुह्या भावाचं भाषण ऐकलं आमी. "रिक्तहस्त पट्टा" म्हणाला अन् टाळ्या पडल्या. चतुराबाईनं मले विचारलं, "टाळ्या कायच्या होत?" काय सांगू मी तिले? तू खुर्चीवर बसली होती ना? तूबी वाजवल्या?

भावानं नाव खाल्लं तेव्हा इतकं जळलं नव्हतं. तो आधीपासून तसाच. तू माही होती.

यादी पाठवून राहिली. बासष्ट नावं पूर्ण झाली, गावावार, फेरीच्या क्रमानं. भावाले दे नाईतं चुलीत घाल. त्रेसष्टावी ओळ शेवटी कोरी सोडली आहे. गाव लिवलं, खिरगाव. नाव लिवलं नाई. ते लिवायचा हक्क तुहा आहे. नसेल लिवायचं तं तसंच राहू दे, अन् मले परत पत्र टाकू नको.

नसीमबानो

*

अकोला,
२६ ऑक्टोबर २००६

नसीम,

ईद मुबारक, एक दिवस उशिरा. तू पत्र टाकू नको म्हणाली होती. तू सांगितली ती अट मी पुरी केली, म्हणून टाकते.

हो, मी टाळ्या वाजवल्या. तुले आत येऊ दिलं नाही ते मीच. घरी आल्यावर हे दोन हात कुठं ठेवू असं मले झालं. तुझी यादी आली आणि ती कोरी ओळ पाहून मी दोन दिवस देव्हाऱ्यासमोर गेली नाही.

मग खुशालले फोन केला. गोड आवाजात. तुझ्याकडूनच शिकली. म्हटलं, यंदा भाऊबीजेची ओवाळणी मी मागीन ती दे. साडी नको, पैसे नको, त्या अकरा वह्या दे. सत्कारानं तो फुगलेलाच होता. हसला आणि म्हणाला, "घे ताई, तुझ्याच माणसाच्या आहेत, माझं काम झालं." परवा भाऊबीजेले घेऊन आला.

पाट मांडला. रांगोळी काढली. तो टोपी घालून बसला. कुलदीप होता, प्रणाली होती. मी ताट घेऊन समोर बसली, निरांजन लावलं, आणि म्हटलं, आधी ओवाळणी. त्यानं वह्या दिल्या. मी त्या माह्या मागं ठेवल्या आणि त्याच्या हातात तुझी यादी दिली. "हे वाच. मोठ्यानं. मग ओवाळते."

"काय आहे हे?"

"तुझा पट्टा आहे. वाच."

तो वाचायले लागला. गाव, नाव, वय, मागं कोण. पाच-सहा नावं हसतच वाचली, मग विचारलं, "ताई, ह्या कोण?" मी त्याले गोलांचं सांगितलं. उस्मानभाई पेटी कावून उघडत नव्हते, ते सांगितलं. त्याचं तोंड असं झालं, जसं कोणी तोंडात माती घातली. उठायले लागला. मी म्हटलं, "बहिणीच्या पाटावरून न ओवाळता उठशील तर ह्या उंबऱ्यात परत येऊ नको." बसला. पाणी मागितलं, मी दिलं नाही. एकेक नाव त्याच्याकडून वाचून घेतलं, नसीम. चतुराबाईच्या घरची तिन्ही नावं आली तेव्हा त्याचा आवाज फाटला. मले दया आली नाही. गोड वाटलं. पाप लागत असेल तर लागो.

शेवटची ओळ आली. तिथं माह्या हातचं अक्षर होतं. तो थांबला. "ताई, हे कशाले लिहिलं? पोरगी ऐकते आहे."

"वाच."

"खिरगाव. रामराव. वय छप्पन्न."

"मागं कोण?"

त्यानं कागद खाली ठेवला. मी म्हटलं, "मागं सुभद्रा. तुझी बहीण. अंत्ययात्रेले तू आला होता, दुपारच्या गाडीनं गेला. माह्या बांगड्या तुझ्यासमोर वाढवल्या. आणि पाच वर्षांनी तू लिहितो, ही श्रमसंस्कृतीची खूण असावी! माह्या हाताकडं पाहून तुले एकदाही आठवलं नाही?"

कुलदीप भिंतीकडं तोंड करून उभा होता. मी प्रणालीकडं पाहिलं, म्हटलं, बाई, आता तुले काय करायचं ते कर. ती म्हणाली, "आई, मले लग्नाआधीच माहीत होतं. आमच्या गावात सगळ्यांले माहीत होतं. तुम्ही झाकत होत्या म्हणून आम्ही बोललो नाही." ऐकलं का नसीम? पाच वर्षं मी ज्याच्या उपकाराखाली मान खाली घालून बसली, तो उपकार नव्हताच! त्याले त्याचं नाव जपायचं होतं, बस. त्या एका गोष्टीपायी मी तुले गेटावर ओळखलं नाही.

मग मात्र मी त्याले सोडलं नाही. कागद-पेन दिलं आणि पेपरवाल्याले पत्र लिहून घेतलं. पट्टा चुकीचा समजलो, गोल कशाचे होते, वह्या उस्मानभाई मण्यार, राजापेठ, यांच्या, आणि वऱ्हाडाचा सारा नकाशा त्यांच्या वह्यांवरून. पहिल्या पानावरचं वाक्यसुद्धा त्यांचं, हेही लिहिलं. तो म्हणाला, पुढच्या छपाईत तो जांभळा भाग काढून टाकतो. मी म्हटलं, खबरदार. पुसायचा नाही. तो मुलूख खोटा नाही, मी त्याच्यातच राहते. रंग तसाच ठेव आणि शेजारी ही त्रेसष्ट नावं छाप. त्यानं सही केली.

निरांजन विझत आलं होतं. मी ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. ओवाळलं नाही. तो बिनटिळ्याचा पुण्याले गेला.

वह्या कुलदीपसोबत पाठवते आहे, अकराच्या अकरा. जून २००१ ची मी उघडून पाहिली. खिरगावपुढं भाईंनी काढलेला गोल आहे, आणि त्याच्याखाली बारीक लिहिलं आहे, "चहा नाही." बाकी कुठंच काही लिहिलं नाही, तिथंच लिहिलं. मी ते पान खूप वेळ हातात धरून बसली होती.

माफ करशील का ते विचारत नाही.

सुभद्रा

*

राजापेठ, अमरावती,
१० नोव्हेंबर २००६

सुभद्रा,

वह्या पोचल्या. कुलदीपले जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नाई.

पेपरात छापून आलं. दोन बोटं जागा दिली, बाजारभावाच्या खाली. पण नाव आहे. उस्मान मण्यार, राजापेठ. मी कातरलं अन् पयल्या वहीले चिटकवलं. सत्कारवाल्यायनं शाल परत मागतली, असं इथं बोलून राहिले. मले लय बरं वाटलं, झूठ कावून बोलू? तो स्वतः घेऊन आला का कुरिअरनं धाडली, तेवढं विचारून कळव.

गेटावरचं मी इसरली नाई. इतक्या लवकर इसरणार नाई. तू चहा पाजशील तेव्हा पाहू.

ईदनंतर मी ह्यायची पेटी खाली काढली. कुलूप गंजलं होतं, माल चांगला आहे. गुडघा साथ देते तोवर गुरुवारची फेरी मी करीन म्हटलं. काल खिरगावले गेली, सहा जणींले बांगड्या भरल्या, तुह्या घराच्या ओट्यावर बसून. तिथून पुढच्या गावाले पोचली तं फाट्यावरच बाया सांगायले आल्या का नसीमबी, आज नको. मी पेटी उघडली नाई. बसची वाट पाहत अकरावी वही काढली, कोरं पान होतं, गोल काढला. वाकडा आला. शाळेतबी माहे गोल वाकडेच यायचे अन् तू पुसून नीट करून द्यायची.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या यस्टीनं ये.

नसीम